मेनूची मांडणी राहते कुठे? ऑफिसच्या सेटिंग फाइली ओळखा, जपा आणि वेळ आली तर बाजूला सारा

संगणक फॉरमॅट होऊन परत आला. ऑफिस नव्याने टाकलेलं, कागदपत्रं सगळी जागच्या जागी. तरी एक्सेल उघडलं की हात अडखळतो. वरच्या बारीक पट्टीवर 'पेस्ट व्हॅल्यूज'चं बटण होतं, ते नाही. रोजच्या कामाची बटणं एकत्र करून एक वेगळी टॅब केली होती, तीही नाही. ऑल्ट दाबून ३ दाबलं की फिल्टर लागायचा, आता भलतंच काहीतरी होतं. बॅकअप घेणाऱ्याची चूक म्हणावी तर त्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं प्रामाणिकपणे उचललं होतं. मेनूची मांडणी या तिन्हींपैकी कशातच नसते, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

माझ्यावर ही पाळी दोनदा आली. पहिल्यांदा तासभर बसून एकेक बटण आठवून परत लावलं. दुसऱ्यांदा मात्र ही मांडणी एका लहानशा फाइलमध्ये असते हे माहीत होतं, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर होती. दोन मिनिटांत काम झालं. हा लेख त्या दोन मिनिटांसाठी आहे. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस वापरणाऱ्यांचा विचार यात जास्त केला आहे, लिबरऑफिसबद्दल शेवटी लिहिलं आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ऑफिसला यातलं काही लागू नाही, कारण तिथे या फाइली वापरल्याच जात नाहीत.

एक सूचना आधीच. फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, तुमच्या पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील. उच्चार जुळवून वाचलंत की चुकणार नाही.

फाइलींना हात लावण्याआधी

'मेनू गायब झाला' असा निरोप आला की मी सगळ्यात आधी कंट्रोल आणि एफ१ एकदम दाबायला सांगतो. रिबन म्हणजे वरचा बटणांचा रुंद पट्टा या जोडीने मिटतो आणि उघडतो. कुणाचा तरी हात चुकून पडलेला असतो आणि सगळा पट्टा मिटलेला असतो. बऱ्याचदा तक्रार इथेच संपते.

दुसरी शक्यता क्विक ॲक्सेस टूलबारची, म्हणजे त्या बारीक पट्टीची. अलीकडच्या ऑफिसमध्ये ती लपवता येते, आणि पट्टीवर काही बदल केलेले नसतील तर ती मुळातच लपलेली असू शकते. रिबनवर राइट-क्लिक करा. यादीत ही पट्टी दाखवण्याचा पर्याय दिसला तर तो निवडा. ती रिबनच्या खालीही ठेवता येते, तेव्हा वर नाही म्हणून नाहीच असं समजू नका.

तिसरी गोष्ट जरा चकवणारी आहे. पट्टीवर बटण जोडताना एक ड्रॉपडाउन दिसतो: हा बदल सगळ्या फाइलींसाठी की फक्त समोर उघडलेल्या फाइलीसाठी. दुसरा पर्याय निवडला गेला असेल तर बटण त्या दस्तऐवजातच साठवलं जातं. ती फाइल उघडली की बटण येतं, बंद केली की जातं. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर लहरी झालं आहे. प्रत्यक्षात ते सांगितल्याप्रमाणेच वागत असतं.

हे तिन्ही तपासून झालं आणि तरी गाडी अडलेलीच असेल, तर मग फाइलींकडे वळायचं.

दोन जातीच्या फाइली

ऑफिसच्या सेटिंग फोल्डरात शिरलं की चमत्कारिक शेपटीच्या (शेपटी म्हणजे नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरं) कितीतरी फाइली दिसतात. त्या सगळ्या पाठ करायची गरज नाही. एकच प्रश्न विचारायचा: या फाइलीत जे आहे ते मी लावलं की सॉफ्टवेअरने माझ्याकडे बघून टिपून ठेवलं?

सॉफ्टवेअरने टिपलेलं असेल तर फाइल गेली तरी काही बिघडत नाही, चार दिवसांत ती परत भरते. तुम्ही लावलेलं असेल तर त्यात तुमची मेहनत आहे, आणि ती परत कुणी भरून देणार नाही. पुढचं सगळं या एका फरकावर चालतं. हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो जुन्या ऑफिसमध्ये, म्हणून आधी तिकडे डोकावू.

पीआयपी फाइल: जुन्या मेनूची वही

ऑफिस २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने 'पर्सनलाइज्ड मेनू' आणले. मेनू उघडला की त्यात सगळ्या कमांड दिसायच्या नाहीत. मूळच्या ठरलेल्या थोड्या आणि तुम्ही अलीकडे वापरलेल्या, एवढ्याच. तळाशी दुहेरी बाण असायचा, त्यावर क्लिक केलं किंवा क्षणभर थांबलं की उरलेला मेनू उलगडायचा. एखादी कमांड वापरली की ती वर यायची, बरेच दिवस वापरली नाही की पुन्हा आत जायची. टूलबारवरच्या बटणांचंही तसंच होतं.

कुठली कमांड किती वापरली याची नोंद ज्या फाइलीत व्हायची तिची शेपटी पीआयपी. एक्सेल११.पीआयपी, वर्ड११.पीआयपी अशी नावं. विंडोज एक्सपीवर ती 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात, 'ॲप्लिकेशन डेटा', त्याच्या आत 'मायक्रोसॉफ्ट', त्याच्या आत 'ऑफिस' इथे सापडते. जुन्या हार्डडिस्कवर आजही अशा फाइली पडलेल्या असतात आणि व्हायरस समजून लोक दचकतात. त्या निरुपद्रवी आहेत. (पीआयएफ शेपटीची फाइल मात्र वेगळी. ती चालवता येते आणि व्हायरस पसरवणाऱ्यांनी ती पूर्वी भरपूर वापरली. एका अक्षराचा फरक आहे, नीट वाचा.)

नावातला ११ कुठून आला? ऑफिसच्या आतल्या आवृत्तीचा तो क्रमांक आहे. ऑफिस २०००चा ९, एक्सपीचा १०, २००३चा ११, २००७चा १२. मग १३ वगळून २०१०ला थेट १४ दिला, २०१३ला १५ आणि २०१६ला १६. जुन्या फाइली चाळताना ही यादी हाताशी असली की कुठली फाइल कुठल्या ऑफिसची ते लगेच कळतं.

पीआयपी फाइल काढून टाकली तर मेनू मूळ अवस्थेत येतो आणि ऑफिस नवी फाइल बनवतं. पण फाइलीपर्यंत जायचीही गरज नव्हती. 'टूल्स'मध्ये 'कस्टमाइज', तिथे 'ऑप्शन्स' टॅबवर वापराची नोंद पुसण्याचं बटण होतं. ते दाबलं की इशारा यायचा: वापरलेल्या कमांडची नोंद पुसली जाईल, पण तुम्ही मुद्दाम केलेले बदल जसेच्या तसे राहतील. मी वर म्हटलेला फरक सॉफ्टवेअर स्वतःच सांगत होतं. त्याच टॅबवर 'नेहमी पूर्ण मेनू दाखवा' अशी खूणही होती. माझ्या मते ती पहिल्याच दिवशी करून टाकण्यासारखी होती. रोज जागा बदलणारा मेनू हाताला पाठ होत नाही, आणि मेनूचा निम्मा उपयोग हाताला पाठ असण्यात आहे.

२००७मध्ये वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटमध्ये मेनू जाऊन रिबन आला आणि तिथलं पीआयपीचं काम संपलं.

लपलेल्या फोल्डरापर्यंत कसं पोचायचं

आताच्या विंडोजमध्ये या फाइली 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरात असतात आणि तो लपवलेला असतो. त्याच्या आत दोन खोल्या आहेत: 'रोमिंग' आणि 'लोकल'. 'रोमिंग'मधलं सामान मोठ्या संस्थांच्या नेटवर्कवर, तशी सोय केलेली असेल तर, तुमच्या लॉगिनबरोबर दुसऱ्या संगणकावर जाऊ शकतं. 'लोकल'मधलं त्याच यंत्रावर राहतं. रिबनची मांडणी 'लोकल'मध्ये असते. म्हणून शेजारच्या संगणकावर तुमच्याच नावाने लॉगिन केलं तरी तुमची बटणं तिथे नसतात.

पोचायचं असं:

१. ऑफिसचे सगळे प्रोग्राम बंद करा. बंद म्हणजे बंद. मिनिमाइज केलेली आउटलूकची खिडकीसुद्धा.

२. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. एक छोटी चौकट उघडेल.

३. त्यात %लोकलॲपडेटा% (%localappdata%) हे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह देऊन टाइप करा आणि एंटर दाबा. 'लोकल' फोल्डर उघडेल. 'रोमिंग'साठी नुसतं %ॲपडेटा% (%appdata%).

४. 'मायक्रोसॉफ्ट' आणि मग 'ऑफिस' फोल्डर उघडा.

५. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून फाइलीची शेपटी, म्हणजे एक्स्टेंशन, दिसेल असं करा. हे टाळू नका. शेपटी लपलेली असताना एकाच नावाच्या तीन फाइली शेजारीशेजारी दिसतात आणि मग घोळ होतो. शिवाय नाव बदलताना नवी शेपटी जुन्या शेपटीच्या आधीच चिकटते आणि ते कळतही नाही.

आताची मांडणी: ऑफिसयूआय

ऑफिस २००७मध्ये रिबन बदलायची सोय वापरणाऱ्याला नव्हती, फक्त बारीक पट्टी बदलता यायची. ती क्यूएटी शेपटीच्या फाइलीत साठवली जायची. २०१०पासून रिबनवर स्वतःच्या टॅब आणि गट करता येऊ लागले, आणि पट्टी व रिबन दोन्हींची मांडणी एकाच फाइलीत आली. तिची शेपटी ऑफिसयूआय. एक्सेल.ऑफिसयूआय, वर्ड.ऑफिसयूआय, पॉवरपॉइंट.ऑफिसयूआय अशा प्रत्येक प्रोग्रामच्या वेगळ्या फाइली. आउटलूकच्या एकट्याच्याच कितीतरी, कारण तिथे मुख्य खिडकी, आलेला मेल, लिहायचा मेल, भेटीची नोंद या प्रत्येकाचा रिबन निराळा. त्या सगळ्यांची नावं 'ओएलके'ने सुरू होतात. फोल्डरात यातलं काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. तुम्ही अजून काही बदललेलं नसेल तर फाइल तयारच होत नाही.

नवख्या माणसाने फोल्डरात न शिरताही ही मांडणी जपता येते. एक्सेलचं उदाहरण घेऊ:

१. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'कस्टमाइज रिबन'.

२. खाली उजवीकडे 'इम्पोर्ट/एक्सपोर्ट' बटण आहे. त्यातला 'एक्सपोर्ट'वाला पर्याय घ्या.

३. जी फाइल तयार होते तिची शेपटी एक्सपोर्टेडयूआय असते. ऑफिस सुचवतं ते नाव दर वेळी सारखंच असतं, म्हणून नावात तारीख घाला आणि ती दुसऱ्या ठिकाणी ठेवा. त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

४. वर्ड, पॉवरपॉइंट आणि आउटलूकमध्ये हेच परत करा. एक्सेलमधून काढलेली फाइल वर्डला चालत नाही.

नव्या संगणकावर त्याच बटणातून 'इम्पोर्ट' करायचं. इथे एक इशारा येतो आणि बहुतेक लोक तो न वाचता 'येस' दाबतात. तो म्हणतो की सध्याची सगळी मांडणी जाऊन तिच्या जागी फाइलीतली येईल. म्हणजे जुनं आणि नवं एकत्र होत नाही, जुनं पुसलं जातं. कुणी आपली सुंदर मांडणी तुम्हाला पाठवली आणि तुम्ही ती आत घेतली, तर तुमची स्वतःची गेली. आधी स्वतःची एक्सपोर्ट करा, मग दुसऱ्याची घेऊन बघा.

तिथलंच 'रिसेट' बटणही जपून वापरा. त्यात दोन पर्याय असतात: फक्त निवडलेली टॅब मूळ पदावर आणायची की सगळे बदल पुसायचे. दुसरा निवडला तर रिबनबरोबर वरची बारीक पट्टीसुद्धा साफ होते. रिबन नीट करायला गेले आणि पट्टी घालवून आले, असे लोक मी पाहिले आहेत. त्यात एकदा मीही होतो.

पट्टीबद्दल आणखी एक. तिच्यावरच्या बटणांना डावीकडून क्रम असतो, आणि ऑल्ट दाबून १, २, ३ दाबलं की त्या क्रमाचं बटण चालतं. मांडणी आयात केल्यावर हा क्रम बदललेला असू शकतो. हाताच्या सवयीने ऑल्ट आणि ३ दाबाल आणि फिल्टरऐवजी प्रिंट निघेल. पहिल्या दिवशी पट्टीकडे बघून काम करा.

मॅक्रोची, म्हणजे ठरलेली कामं एका फटक्यात करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, बटणं हा वेगळा विषय. ऑफिसयूआय फाइलीत बटण असतं आणि कुठला मॅक्रो चालवायचा याचा पत्ता असतो, खुद्द मॅक्रो नसतो. एक्सेलमध्ये स्वतःचे मॅक्रो सहसा पर्सनल.एक्सएलएसबी नावाच्या वर्कबुकात असतात. ते 'रोमिंग'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट', 'एक्सेल', 'एक्सएलस्टार्ट' या वाटेवर सापडतं. बटणं नेली आणि हे वर्कबुक मागे राहिलं, तर बटण दिसतं, दाबलं की मॅक्रो सापडत नाही म्हणून तक्रार करतं. दोन्ही बरोबर न्या.

कुतूहल असेल तर ऑफिसयूआय फाइलीची प्रत काढून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. आत साधा एक्सएमएल मजकूर, म्हणजे कोनी कंसांत खुणा घालून लिहिलेला मजकूर असतो, बहुधा सगळा एका लांबलचक ओळीत. घाबरवतो, पण वाचता येतो: टॅब, तिच्या आत गट, गटाच्या आत कमांडचं नाव. पट्टीच्या भागात प्रत्येक कमांडपुढे ती दिसावी की नाही याची ट्रू किंवा फॉल्स अशी नोंद असते. वाचा जरूर. हाताने बदलू मात्र नका, निदान सुरुवातीला तरी. एक कंस कमी पडला तरी एक्सएमएल मोडतं आणि मग फाइल वाचलीच जात नाही.

वर्डचं नॉर्मल, एक्सेलचं एक्सएलबी

वर्डमध्ये सगळं ऑफिसयूआयमध्ये नसतं. तुम्ही नेमून दिलेले कीबोर्ड शॉर्टकट, स्वतःचे मॅक्रो, बदललेल्या स्टाइल्स, ऑटोटेक्स्टचे तुकडे हे नॉर्मल.डॉटएम नावाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या दस्तऐवजाच्या साच्यात, राहतात. 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट', 'टेम्प्लेट्स' ही तिची जागा. २००३पर्यंत हिचंच नाव नॉर्मल.डॉट होतं आणि तेव्हा टूलबारही यातच असायचे. वर्ड विचित्र वागू लागलं की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो 'नॉर्मल डिलीट करा' असा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. डिलीट केल्यावर वर्ड नवं कोरं नॉर्मल बनवतं आणि खरोखरच बरं होतं. चार वर्षांत जमवलेले शॉर्टकट मात्र त्याबरोबर जातात. ही फाइल दुसऱ्या जातीची आहे, मेहनतीची. तिला डिलीट लावायचंच नाही, फक्त नाव बदलायचं. कसं ते खाली येतं.

क्विक पार्ट्स म्हणून साठवलेले मजकुराचे तुकडे सहसा बिल्डिंग ब्लॉक्स.डॉटएक्समध्ये असतात, 'मायक्रोसॉफ्ट'च्या आत 'डॉक्युमेंट बिल्डिंग ब्लॉक्स' फोल्डरात. टाइप करताना आपोआप सुधारणा करणारी ऑटोकरेक्टची यादी एसीएल शेपटीच्या फाइलीत असते आणि तिच्या नावात भाषेचा क्रमांक असतो. एमएसओ१०३३.एसीएल म्हणजे अमेरिकी इंग्रजीची यादी. मराठीचा क्रमांक ११०२ आहे. मराठीसाठी तुम्ही ऑटोकरेक्टमध्ये शब्द भरले असतील तर १०३३ची फाइल उचलून काम भागणार नाही, ११०२ची शोधावी लागेल. या फाइली 'रोमिंग'मधल्या 'मायक्रोसॉफ्ट'च्या 'ऑफिस' फोल्डरात बघा. मी स्वतः बॅकअप घेताना सगळ्यात आधी हीच फाइल उचलतो. बटणं परत लावता येतात, पण वर्षानुवर्षं भरलेले दोनशे शब्द आठवत नाहीत.

एक्सेलची एक्सएलबी फाइल 'रोमिंग'च्या 'मायक्रोसॉफ्ट', 'एक्सेल' फोल्डरात असते, नावात आवृत्तीचा आकडा असतो. जुन्या एक्सेलमध्ये टूलबारची सगळी मांडणी हिच्यात असायची. आता हिला फारसं काम नाही. जुन्या पद्धतीचे टूलबार बनवणारी ॲड-इन, म्हणजे ऑफिसला जोडलेली जादा सोय, वापरत असाल तर तेवढंच हिच्यात जमा होतं. एक्सेल उघडायला फार वेळ लागत असेल किंवा उघडताच बंद पडत असेल तर ही फाइल तपासण्यासारखी आहे. ती खराब झालेली किंवा फुगलेली असू शकते.

बिघाड शोधायची रीत

आधी दोष खरंच सेटिंगमध्ये आहे का ते बघा. कंट्रोल बटण दाबून धरा आणि एक्सेल किंवा वर्ड सुरू करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का, असं विचारेल. हो म्हणा. सेफ मोडमध्ये ॲड-इन आणि तुमची मांडणी न घेता प्रोग्राम उघडतो. तिथेही तोच त्रास असेल तर सेटिंग फाइलींना दोष देऊ नका, बिघाड दुसरीकडे आहे. तिथे सगळं सुरळीत चाललं तर संशय योग्य दिशेने आहे. वर्डसाठी आणखी एक बारीक चाळणी आहे. तीच विंडोज आणि आरची चौकट उघडून 'विनवर्ड', एक जागा, तिरकी रेघ आणि 'ए' असं रोमनमध्ये (winword /a) टाइप करा. वर्ड नॉर्मल टेम्प्लेट आणि ॲड-इन बाजूला ठेवून उघडतं.

संशय पक्का झाला की:

१. प्रोग्राम पूर्ण बंद करा. चालू असताना फाइलीला हात लावला तर विंडोज अडवेल, किंवा बंद होताना प्रोग्राम आपली जुनी आठवण परत लिहून ठेवेल.

२. संशयित फाइलीचं नाव बदला. शेवटी '.जुनं' असं काही जोडा, रोमनमध्ये. शेपटी बदलली की प्रोग्राम तिला ओळखत नाही, पण फाइल जागेवरच राहते.

३. प्रोग्राम उघडा आणि थोडा वेळ काम करा.

४. त्रास गेला तर दोषी सापडला. त्रास तसाच राहिला तर नवी तयार झालेली फाइल काढून टाका, जुनीचं नाव पूर्ववत करा आणि पुढच्या फाइलीकडे वळा.

एका वेळी एकच फाइल. घाईत दोन-तीन फाइलींची नावं एकदम बदलली तर प्रोग्राम बरा होईल, पण कशाने झाला ते कळणार नाही. मग तुमची चांगली मांडणीही वाईटाबरोबर अडकून पडते. आणि 'ऑफिस' फोल्डर अख्खाच्या अख्खा डिलीट करण्याचा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि करू नका.

लिबरऑफिस

इथे कारभार जास्त मोकळा आहे. सगळी मांडणी एका 'यूजर' नावाच्या फोल्डरात. विंडोजवर %ॲपडेटा%मध्ये 'लिबरऑफिस', त्यात '४', त्यात 'यूजर'. लिनक्सवर होम फोल्डरातल्या लपलेल्या '.कॉन्फिग'मध्ये तीच वाट. आवृत्ती ५ आली, ६ आली, ७ आली, नंतर २४ अशी वर्षावरून क्रमांक देण्याची पद्धत आली, तरी त्या फोल्डराचं नाव ४च राहिलं आहे. जुन्या आवृत्तीचा कचरा समजून तो उडवू नका.

त्याच्या आत रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स.एक्ससीयू या फाइलीत बहुतेक सेटिंग असतात. मेनू आणि टूलबार बदलले असतील तर ते 'कॉन्फिग'च्या आत 'सॉफिस.सीएफजी', 'मॉड्यूल्स' आणि मग प्रोग्रामच्या नावाच्या फोल्डरात एक्सएमएल म्हणून मिळतात. रायटरचं नाव तिथे 'एसरायटर', कॅल्कचं 'एसकॅल्क'. मेनू बदलायचा तो 'टूल्स'मधल्या 'कस्टमाइज'मधून. तिथे 'स्कोप' नावाची यादी आहे: बदल पूर्ण प्रोग्रामसाठी की फक्त समोरच्या दस्तऐवजासाठी. एक्सेलच्या ड्रॉपडाउनसारखाच हा सापळा, तेव्हा आधी तिकडे बघा. कीबोर्डच्या टॅबवर शॉर्टकट वेगळ्या फाइलीत साठवायची आणि परत घ्यायची सोय आहे.

बॅकअप म्हणजे लिबरऑफिस बंद करून 'यूजर' फोल्डराची प्रत काढणं, इतकंच. बिघाड झाला तर 'हेल्प'मध्ये 'रिस्टार्ट इन सेफ मोड' आहे, आवृत्ती ५.३पासून. त्या खिडकीत पर्याय सौम्य ते कडक अशा क्रमाने आहेत: आधीच्या चालू स्थितीवर परत जा, एक्स्टेन्शन बंद कर, सेटिंग आणि मेनूचे बदल पुस, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण प्रोफाइल, म्हणजे तो 'यूजर' फोल्डर, नव्याने कर. प्रोफाइलची झिप फाइल करून देणारं बटणही तिथेच आहे. कडक पर्यायाकडे जाण्याआधी ते दाबा. हे लोक वापरणाऱ्याचा विचार करतात, हे मला अशा ठिकाणी जाणवतं.

संगणक बदलताना उचलायचं सामान

संगणक दुरुस्तीला किंवा बदलायला जाणार असेल तर आदल्या दिवशी एक फोल्डर करा आणि त्यात एवढं टाका: ऑफिसच्या प्रत्येक प्रोग्राममधून काढलेली एक्सपोर्टेडयूआय फाइल, नॉर्मल.डॉटएम, बिल्डिंग ब्लॉक्स, पर्सनल.एक्सएलएसबी, एसीएल फाइली आणि लिबरऑफिस वापरत असाल तर 'यूजर' फोल्डर. मॅक्रो भरपूर नसतील तर हे सगळं मिळून सहसा फारशी जागा घेत नाही.

नव्या यंत्रावर आधी ऑफिसचा प्रत्येक प्रोग्राम एकदा उघडून बंद करा, म्हणजे लागणारे फोल्डर तयार होतील. मग नॉर्मल, बिल्डिंग ब्लॉक्स, पर्सनल आणि एसीएल आपापल्या जागी ठेवा. तिथे आधीच त्या नावाची कोरी फाइल असेल तर तिचं नाव बदलून बाजूला करा. मांडणीचं 'इम्पोर्ट' सगळ्यात शेवटी करा, कारण तेव्हा मॅक्रो जागेवर आलेले असतात आणि बटणांना आपले पत्ते सापडतात.

संगणक संस्थेचा असेल आणि 'इम्पोर्ट'चं बटण दबतच नसेल, तर ते बहुधा वरून बंद केलेलं आहे. तिथे फोल्डरात शिरून खटपट करू नका. एक्सपोर्ट केलेली फाइल घेऊन थेट तिथल्या तंत्रज्ञाकडे जा. 'माझी बटणं गेली' म्हणण्यापेक्षा 'ही एक्सपोर्टेडयूआय फाइल एक्सेलमध्ये आत घ्यायची आहे' म्हटलंत तर काम त्याच दिवशी होण्याची शक्यता जास्त.